जमिनीवरचा वेळ

३ सप्टेंबर १९७९, सोमवार

ही वही मोल्फ्रीदने आणली. म्हणाली, "तुला जे काही ओरडायचंय ते हिच्यात ओरड. वही रडत बसत नाही." रडत कोण बसलं होतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बायको नवऱ्याच्या हातात वही ठेवते म्हणजे तिला त्याचं ऐकायचा कंटाळा आलाय, एवढं मला कळतं.

तर ओरडतो. आज धक्क्यावर एक बाई आली. इंगुन त्वेईत, बर्गनच्या विद्यापीठातली. कंपनीने तिला बोलावलंय ते आमचं माप काढायला. पाणबुड्या पाण्याखाली किती काम करतो, आणि तेच काम तो जमिनीवर किती करतो, ह्याचा हिशेब. तिच्याकडे पितळेच्या दोन सारख्या पाट्या आहेत. पाटीच्या अर्ध्या भागात नट-बोल्ट आवळलेले. ते एकेक सोडवायचे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात आवळायचे. हात काळ्या कापडाखाली, म्हणजे बघायचं नाही, नुसतं चाचपायचं. आधी टेबलाशी बसून, मग तेच खाडीच्या तळाशी.

मी म्हणालो, "बाई, मी उत्तर समुद्राच्या तळाशी पाइप जोडलेत. आता बालवाडीत बसू का?"

ती म्हणाली, "बालवाडीतल्या मुलांना हे जमत नाही. मी करून घेतलंय त्यांच्याकडून."

सगळी बराक हसली. एलिफ तर बाकावर लोळलाच. मी त्याच्याबरोबर जोडीने खाली जातो, माझ्या भरवशावर तो खाली श्वास घेतो, आणि हसतो मला! नव्या कोऱ्या रबरी बुटांची ती बाई मला शिकवणार. डोक्यात अशी तिडीक गेली की कॉफी तशीच टाकून बाहेर आलो.

५ सप्टेंबर

आज बराकीत दार लावून बसलो. आम्ही चौघे पाणबुडे, म्हणजे मी, एलिफ, कार्मोयचे दोघे भाऊ, आणि वर दोरी धरणारा म्हातारा यॉरुन.

मी सरळ मांडलं. ह्या बाईचा आकडा जाणार कुणाकडे? कामाचा प्रमुख स्टोके, त्याच्याकडे. पाण्याखाली आपण जमिनीच्या निम्मंच काम करतो असं निघालं, तर तो म्हणणार, ह्यांना हाकला आणि दुसरे आणा. थंडी, अंधार, खोल पाण्यात चढणारी झिंग हे त्याला कुठे ठाऊक? त्याचे पाय कधी ओले झालेले नाहीत. तेव्हा आपण जमिनीवरच रेंगाळायचं. जमिनीवरचा वेळ वाढवून ठेवला की पाण्यातला वेळ आपोआप बरा दिसेल.

भावांना हे फार आवडलं. धाकटा म्हणाला, "टोर्गेइर, तू मंत्री का झाला नाहीस?"

एलिफ म्हणाला, "पण समजा त्यांनी ते खरंच मानलं तर?"

"मानू दे की! त्यासाठीच तर करतोय," मी म्हणालो. पोरगं चांगलं आहे, पण कधीकधी अक्कल गहाण ठेवल्यासारखं बोलतं.

७ सप्टेंबर

जमिनीवरची परीक्षा झाली. मजा आली, हे कबूल करतो. थोरल्या भावाने मध्येच हात बाहेर काढून कॉफी मागितली. एलिफ शीळ घालत होता आणि मुद्दाम नट पाडत होता. पडला की "अरेरे" म्हणायचा. बाई घड्याळ धरून गंभीरपणे बसलेली.

मीही रेंगाळलो. सगळ्यांत जास्त वेळ मीच लावला. नंतर एलिफ म्हणाला, "तू तर कमालच केलीस रे! नट खरोखरच सापडत नाहीये असा चेहरा! घाम कसा आणलास?"

मी म्हणालो, "असाच आणला." हसलो.

घरी आल्यावर कोटाच्या गुंडीवरून मोल्फ्रीदशी वाजलं. दुकानदार हल्ली काज बारीक ठेवतात, चोर सगळे.

१४ सप्टेंबर

पाण्यातली परीक्षा. तळाशी काळोख, आणि थंडी अशी की दात हेल्मेटात वाजतात. इथे मात्र नाटक नाही, जीव तोडून काम केलं. तरी चौघांत शेवटचा आलो. हातमोज्याची शिवण उसवलेली असणार, बोटं लाकडासारखी झाली होती. वर आल्यावर यॉरुनला फैलावर घेतलं, की हातमोजे तपासायचं काम तुझं, नुसता तंबाखूचा पाइप ओढत बसतोस. त्याने हातमोजे उलटेपालटे करून दाखवले. शिवण धड होती. म्हणजे त्याने बदलले असणार. म्हातारा वाद घालत नाही, हेच मला आवडत नाही. माणसाने भांडावं.

२८ सप्टेंबर

निकाल आला. कंपनीने बदामाचा मनोऱ्यासारखा केक आणला, स्टोके स्वतः बराकीत आला. आम्ही पाण्याखाली जमिनीच्या जवळजवळ नऊ दशांश काम करतो म्हणे! आणि सगळ्यांत पहिला कोण? मी! "टोर्गेइर वेस्तबोचे हात तळाशीही तेवढेच चालतात," स्टोके म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. थाप मला आवडत नाही, पण केक खाल्ला.

घरी सांगितलं. मोल्फ्रीद बटाटे सोलत होती. म्हणाली, "आणि जमिनीवर ते किती चालतात?"

मी म्हणालो, तो प्रश्नच नाही. ती सोलत राहिली. मग मी बोललो, बराच वेळ. मत्स्यवड्या करपल्या.

८ ऑक्टोबर

चोर! शुद्ध चोर!

आज नवं वेळापत्रक लावलं. आतापर्यंत खाली नेहमी दोघे जायचे. एक काम करायचा, दुसरा दिवा धरायचा आणि पहिल्यावर नजर ठेवायचा. झिंग चढली की माणसाला स्वतःला कळत नाही, ते शेजारच्याला कळतं. आता एकटाच जाणार. आणि पाइपाच्या एका जोडाला वेळ किती, तर यार्डातल्या फिटरला जमिनीवर लागतो तेवढा, वर चिमूटभर.

तरातरा स्टोकेच्या खोलीत गेलो. टेबलावर मूठ आपटली. त्याने शांतपणे कागद फिरवून माझ्यापुढे केला. "हा कुणाचा आकडा आहे, टोर्गेइर? तुझाच ना? पाण्यात तुमचं काम जमिनीसारखंच होतं, मग दोघांना कशाला भिजवू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथेच सांगणार होतो की आम्ही नाटक केलं. शब्द ओठांवर आले होते. पण भाऊ दारात उभे होते, थोरला मानेने नाही-नाही करत होता. सांगितलं तर चौघेही खोटारडे ठरणार, चौघेही घरी बसणार. नाही सांगितलं तर एकेकटे खाली जाणार. बाहेर आलो आणि एका पिंपाला लाथ घातली. अंगठा सुजलाय.

सगळा दोष त्या बाईचा. आली नसती तर हे काहीच झालं नसतं.

१९ ऑक्टोबर

एलिफ.

लिहायला बसलोय, पण पेन नीट धरता येत नाही. लिहितो तरी.

तो एकटा खाली होता. जोडाचे शेवटचे बोल्ट राहिले होते आणि वेळ संपला. यॉरुनने दोरी ओढून "वर ये" सांगितलं. खालून "थांब" आलं. परत ओढली, परत "थांब". मी यॉरुनच्या शेजारी उभा होतो. मला ठाऊक होतं तो का थांबलाय. कागदावर तेवढ्या वेळात काम बसत होतं, आणि त्याला नाही बसवता आलं तर कमीपणा कुणाचा, त्याचा.

वर येताना ठरलेले थांबे घेतले, तिथे वाट बघितली, सगळं तक्त्याप्रमाणे. पण जास्त वेळ खाली राहिलेलं शरीर तक्ता वाचत नाही. धक्क्यावर हेल्मेट काढलं तेव्हा हसत होता. "झालं रे, सगळे आवळले," म्हणाला. मग उठायला गेला आणि खाली बसला. परत उठायला गेला. म्हणाला, "टोर्गेइर, माझे पाय कुठे आहेत?"

रक्तातले बुडबुडे विरावेत म्हणून त्याला दाबाच्या टाकीत घातलं. टाकीच्या छोट्या काचेतून मी त्याच्याशी बोलत होतो. तो म्हणाला, "तू असतास तर वेळेत संपवलं असतंस. तुझे हात तळाशीही चालतात ना."

ह्या वाक्याचं मी काय करू?

२१ ऑक्टोबर

एलिफ टाकीतून बाहेर आला. उजवा पाय हलतो, डावा ऐकत नाही. पुढे काय ते डॉक्टर सांगत नाहीत. त्याची बायको इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी होती, पोटुशी. मला बघून तिने तोंड फिरवलं नाही. फिरवायला हवं होतं.

तिथून थेट त्या बाईकडे गेलो. गोदामामागच्या खोलीत पाट्या पुसत होती. मी दारातूनच सुरू केलं. तुमचा आकडा माणूस मोडतो, तुम्हाला पगार कशाचा मिळतो, पाण्यात बोट तरी बुडवलंय का कधी? तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी जे मोजलं ते लिहिलं."

"तुम्ही घंटा मोजलंत! आम्ही जमिनीवर नाटक केलं होतं!"

निघून गेलं तोंडातून.

ती पांढरी पडली. मग लाल झाली. मग अशी काही बरसली! मला वाटत होतं ह्या गावात ओरडता फक्त मलाच येतं. "तुम्ही मला फसवलंत? त्या आकड्याखाली सही माझी आहे! कोरड्यावर तुम्ही इतके हळू कसे, हा प्रश्न मला पडला होता. मला वाटलं दमलेली माणसं आहेत, विचारून त्यांचा अपमान नको. अपमान नको म्हणून मी गप्प बसले, आणि तो पोरगा पाय घालवून बसला!"

दोघेही दमलो तेव्हा तिने पाटी टेबलावर ठेवली. "शुक्रवारी सगळे परत या. ह्या वेळी खरं करा. खरा आकडा घेऊन मी स्वतः स्टोकेकडे जाते. माझी नोकरी गेली तरी चालेल."

बाई वाईट नाही. पण हे तिला सांगणार नाही.

२६ ऑक्टोबर

भावांनी निम्म्याहून कमी वेळात पाटी संपवली. धाकट्याच्या बोटांत तर जादूच आहे. एलिफने इस्पितळात, मांडीवर पाटी घेऊन केली. त्यालाही आधीच्या निम्माच वेळ लागला.

मग मी बसलो. जीव तोडून केलं. घड्याळ थांबलं तेव्हा बाईने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"टोर्गेइर, आता नाटक नको."

"नाही करत."

"परत एकदा करा."

परत केलं. तेवढाच वेळ लागला. भाऊ आधी हसत होते. "अरे सोड आता, बाईला कळलंय सगळं," थोरला म्हणाला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा कुणी हसेना. एक बोल्ट हातात होता की नव्हता, मला कापडाखाली कळत नव्हतं. मी पाटी उचलून भिंतीवर फेकली. बाई गुडघ्यांवर बसली आणि नट गोळा करू लागली.

त्या पाटीची भोकं घट्ट आहेत. खोलीत गारठा होता. आणि तीन तीनदा करायला लावलं की कुणाचेही हात दमतात.

२७ ऑक्टोबर

मोल्फ्रीदला म्हणालो, "माझ्या हातांचं काहीतरी—"

ती म्हणाली, "माहीत आहे."

"केव्हापासून माहीत आहे?"

ती भांडी आवरू लागली. मी कपाटाचं दार आपटलं. बिजागरी निघाली. ती बसवायला गेलो तर स्क्रू बसेना. तिने बसवली.

२ नोव्हेंबर

आज स्टोकेने सगळ्यांना बोलावलं. इंगुनने नवे आकडे मांडले. तिघांचा आकडा नऊ दशांशावरून कोसळून निम्म्याच्याही खाली आला होता. ती म्हणाली, "दोन माणसं खाली परत पाहिजेत आणि वेळ दुप्पट पाहिजे. आधीचा आकडा चुकीचा होता. चूक माझी."

स्टोकेने कागद वाचला आणि हसला. "पण टोर्गेइरचा आकडा हललेला नाही. आधी नऊ दशांश, आताही नऊ दशांश. म्हणजे एक माणूस दोन्ही वेळा प्रामाणिक होता आणि उरलेले तिघे आज नाहीतर तेव्हा खोटं बोलले. मी कुणावर विश्वास ठेवू? ह्याला जमतं म्हणजे जमतं. वेळापत्रक आहे तेच राहील." मग माझ्याकडे वळून, "नव्या वर्षात तुला पथकाचा मुख्य करायचा विचार आहे."

इंगुन माझ्याकडे बघत होती. काय ते तिला ठाऊक होतं, पण ती बोलली नाही. ते बोलणं माझं होतं. गप्प राहिलो असतो तर पाणबुड्याच्या परवान्याचं कार्ड खिशात राहिलं असतं, वर मानाची जागा. आणि सोमवारी धाकटा भाऊ एकटा खाली गेला असता, माझ्या आकड्यावर. खरं सांगतो, घटकाभर गप्प राहिलोही. खिडकीतून यॉरुन दोरी गुंडाळताना दिसत होता, त्याच्याकडे बघत बसलो.

मग मी इंगुनच्या दोन्ही पाट्या टेबलावर ठेवल्या. काळं कापड टाकलं. म्हणालो, "स्टोके, बस माझ्यासमोर."

"हा काय पोरखेळ आहे?"

"बस. तू आयुष्यात पाना धरलेला नाहीस. मी तुझा सगळ्यांत चांगला पाणबुड्या. लाव शर्यत. घाबरलास?"

माणूस गर्विष्ठ आहे, कोट काढून बसला. इंगुनने घड्याळ दाबलं. मला त्याला हरवायचं होतं. देवाशपथ सांगतो, काय करायला बसलोय ते विसरून मला त्या माणसाला हरवायचं होतं! दातओठ खाऊन करत होतो. त्याचा शेवटचा नट बसला तेव्हा माझी पहिली ओळही संपली नव्हती.

तो म्हणाला, "मुद्दाम हरलास."

मी म्हणालो, "माझ्या तोंडाकडे बघ आणि परत म्हण."

त्याने बघितलं. परत म्हणाला नाही.

"मी पाण्यात चांगला नाही. मी जमिनीवरही तेवढाच वाईट आहे, म्हणून भागाकार चांगला येतो," मी म्हणालो. "पहिल्या वेळीही मी नाटक करत नव्हतो. करतोय असं मला वाटत होतं."

इंगुनने घड्याळ खाली ठेवलं. मग स्टोकेने हळूच विचारलं, "मग तू खाली जातोस तरी कसा?" मी कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. इंगुनने माझ्या नावावर रेघ मारली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. सोमवारपासून दोघे जाणार, वेळही दुप्पट. सही करताना स्टोकेने माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर थोरल्या भावाने माझ्यासाठी कॉफी ओतली. पेला भरला नाही, अर्धाच भरला, म्हणजे सांडू नये. त्याला तिथेच धोपटावंसं वाटलं.

८ नोव्हेंबर, बर्गन

इस्पितळात मोल्फ्रीद बरोबर होती. डॉक्टर पोरगेलासा, पण घाई न करणारा. त्याने मला डोळे मिटून उभं केलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने ते परत विचारले. मला दोन आठवले. मग त्याने विचारलं, "राग केव्हापासून येतो?"

मी म्हणालो, "येणारच! कंपनीने त्या पोराचा पाय घालवला, वेळापत्रक म्हणे! तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही—"

तो मोल्फ्रीदकडे बघत होता. प्रश्न तिला होता.

ती म्हणाली, "चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यापासून. बाहेरच्या समुद्रावर ती खोल कामं केली, तिथून परत आला तेव्हापासून. त्याच्याआधी ह्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता. मांजराशीसुद्धा हळू बोलायचा."

मला ते मांजर आठवत नाही.

डॉक्टरने मान हलवली, नवल वाटल्यासारखी नाही, नेहमीचं काहीतरी ऐकल्यासारखी. "तिथे काम केलेले आणखी काही जण येतात माझ्याकडे," म्हणाला. मग लिहू लागला. मी उलट्या बाजूने वाचलं. बोटं, तोल, विसर आणि त्यांच्याच रांगेत, त्याच अक्षरात, राग.

बोटं गेली, ते मी समजू शकतो. पण राग माझा होता. पाच वर्षं ज्याच्या त्याच्यावर ओरडलो ते मला वाटत होतं कारण असल्याशिवाय नाही. यॉरुनचे हातमोजे, दुकानदाराची काजं, करपलेल्या वड्या. मोल्फ्रीद. आता मला सांगताही येत नाही की ह्यातला माझा किती आणि त्या पाण्याचा किती.

स्टोकेवरचा तरी माझा असावा.